जिम रीव्हज, डेट्रॉइट आणि आपली हुरहूर

प्रश्न : माझे वडील बोटीवर होते. सुट्टीवर आले की अमेरिकन गायक जिम रीव्हजच्या रेकॉर्डी लागायच्या, नाताळात तर हमखास. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आता त्याचं ‘हील हॅव टू गो’ कानावर पडलं की घशाशी आवंढा येतो. अमेरिका मी पाहिलेली नाही, गाण्यातला तो बारही माझ्या ओळखीचा नाही. मग ही हुरहूर कसली? (एक वाचक, वसई)

उत्तर : हुरहूर वडिलांची आहे, त्यावर मी काय बोलणार! पण हेच गाणं इतकं का लागतं, ते सांगू शकतो.

गोष्ट एवढीशीच. एक माणूस बारमधून प्रेयसीला फोन करतोय, तिच्याजवळ दुसरा कुणी आहे. रिसीव्हर ओठांशी धर, मी इथला ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणी लावायचं यंत्र) हळू करायला सांगतो, तू त्याला जायला सांग. लिहिणारं जोडपं जो आणि ऑड्री ॲलिसन. ऑड्रीचा आवाज मुळात इतका हळू, की नवरा फोनवर तिला खरंच असं सांगायचा. १९५९ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलला हे गाणं रेकॉर्ड झालं आणि तबकडीच्या मागच्या बाजूला टाकलं गेलं. पुढच्या बाजूचं गाणं आज कुणाला आठवत नाही.

रीव्हज आधी रेडिओवर निवेदक होता. माइकशी कसं बोलायचं हे त्याला पक्कं ठाऊक. इथे तो माइकला जवळजवळ चिकटून, खर्जात गातो. निर्माते चेट ॲटकिन्स यांनी त्या काळात कंट्रीमधली (अमेरिकेतलं गावाकडचं संगीत) खणखणीत फिडल, म्हणजे व्हायोलिन, मागे सारली आणि मऊ पियानो, कोरस पुढे आणला. जुन्या रसिकांनी नाकं मुरडली. पण गावठी हेल गेला, उच्चार स्वच्छ झाले, आणि हा आवाज दक्षिण आफ्रिकेपासून गोवा-वसईपर्यंत घरात शिरला. माझ्यापुरतं म्हणाल तर मी जुन्या पठडीतल्या कंट्री गायक हँक विल्यम्सच्या बाजूचा. एकोणतिसाव्या वर्षी, १ जानेवारी १९५३ ला, कार्यक्रमाला जाताना गाडीच्या मागच्या सीटवर गेला बिचारा. त्याचं दुःख मात्र एकट्यानेच ऐकावं. नाताळच्या जेवणाला रीव्हजच बरा.

आणखी एक. कंट्री म्हणजे गावाकडचं संगीत हे खरं, पण ते जीव टाकून ऐकणारे कितीतरी जण गाव सोडून आलेले होते. अमेरिकेच्या दक्षिणेतली, डोंगराळ भागातली माणसं कामासाठी उत्तरेकडच्या कारखान्यांत गेली. बॉबी बेअरचं १९६३ चं ‘डेट्रॉइट सिटी’ ऐका. उत्तरेतल्या डेट्रॉइट शहरात दिवसभर मोटारी जोडणारा, रात्री दारूच्या गुत्त्यांत फिरणारा एक माणूस. घरच्यांना वाटतं, पोरगं मोठं झालं. पत्रांवरून त्यांना दुसरं काही कळतच नाही. गिरणगावातल्या खोलीतून ‘इकडे सर्व खुशाल’ लिहिणारा चाकरमानी आठवला ना? तुमच्या वडिलांनी बोटीवरून पाठवलेली पत्रं असतील, तर हे गाणं लावून वाचा एकदा.

प्रश्न : कंट्रीतली ती घसरत जाणारी गिटार ऐकली की मला जुनी हिंदी गाणी आठवतात. भास की काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भास नाही, दोन्हीकडच्या गिटारीचं माहेर एकच. तारांवर धातूची कांडी सरकवून गिटार वाजवायची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. जोसेफ केकुकूला तिचं श्रेय देतात. तिथून ती अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेली आणि कंट्रीवाल्यांनी उचलली. इकडे हवाईयन कलाकार टाऊ मो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह कलकत्त्यात राहिले, वाजवत राहिले. आपल्याकडे वाद्याचं नावच ‘हवाईयन गिटार’ पडलं. व्हॅन शिपली यांच्यासारख्या वादकांनी ते मुंबईच्या चित्रपटसंगीतात आणलं, ब्रिजभूषण काब्रांनी तर थेट रागदारीत. नॅशव्हिलच्या, म्हणजे कंट्रीवाल्यांच्या, गिटारीला पुढे पायाने दाबायचे पेडल लागले. त्यामुळे तिथे एक सूर जागेवर असताना त्याच्या शेजारचा वर चढतो. कान देऊन ऐकलंत तर फरक कळेल.

प्रश्न : जिम रीव्हज १९६४ मध्ये विमान अपघातात गेला म्हणतात. मग त्याची ‘नवी’ गाणी नंतर कशी निघत राहिली? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ३१ जुलै १९६४, नॅशव्हिलजवळ, स्वतःच विमान चालवत होता. मागे बरीच न छापलेली रेकॉर्डिंग्ज उरली होती. त्याची पत्नी मेरी आणि कंपनी ती बाहेर काढत राहिले, काहींना नव्याने वाद्यवृंद चढवून. ‘डिस्टंट ड्रम्स’ हे गाणं तसंच. १९६६ मध्ये ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. जुन्या बाजारात रेकॉर्ड घेताना निव्वळ त्याच्या हयातीतलं हवं असेल, तर १९६४ पूर्वीचीच बघून घ्या. नंतरच्या काहींत व्हायोलिनं फार गोड आहेत.