दवाखान्यातली सुरक्षितता: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचे डॉक्टर सुई नेहमी नव्या पाकिटातूनच काढतात. एवढे पाहिले म्हणजे पुरे का? (कराड)

उत्तर: पाकीट आपल्यासमोर फोडले जाणे ही पहिली अट झाली, पण त्यानंतर औषधाच्या बाटलीकडेही लक्ष द्यावे. जागा बधिर करण्याचे लिग्नोकेनसारखे औषध एकाच बाटलीत अनेक रुग्णांना पुरेल इतके असते, आणि गर्दीच्या वेळी तिच्या रबरी बुचात एक सुई कायमची खोचून ठेवायची व प्रत्येकासाठी तिच्यातूनच औषध ओढायचे, अशी सवय काही ठिकाणी मी पाहिली आहे. त्या उघड्या सुईवाटे जंतू बाटलीत उतरतात. चुकून एखादी वापरलेली सिरिंज तिला जोडली गेली, तर एका रुग्णाच्या रक्तातला संसर्ग पुढच्या साऱ्यांच्या वाट्याला येऊ शकतो. बाटली केव्हा उघडली ती तारीख तिच्यावर लिहिलेली असावी आणि उत्पादकाने वेगळी मुदत दिली नसेल, तर 28 दिवसांनी ती टाकून द्यावी. सुई बदलून सिरिंज तीच ठेवली तरी धोका टळत नाही. 2009 मध्ये गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा भागात, हिपॅटायटिस ‘बी’ची जी मोठी साथ आली, तिचा संबंध पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांशीच जोडला गेला. जाता जाता एक सांगतो: साध्या सर्दीतापाला ‘एक सुई द्याच’ असा आग्रह आपणही धरू नये.

प्रश्न: मी एम.बी.बी.एस. असून फक्त ओपीडीचा दवाखाना सुरू करत आहे. खाटा नसल्यामुळे कोणतीही नोंदणी लागत नाही, असे सहकारी सांगतात. हे बरोबर आहे का? (नांदेड)

उत्तर: अर्धेच बरोबर आहे. महाराष्ट्राचा 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा रुग्णांना दाखल करून घेणाऱ्या ठिकाणांसाठी आहे, आणि केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. त्यामुळे निव्वळ ओपीडी चालवणाऱ्याच्या दारात सर्वंकष तपासणी करणारे कोणी सहसा येत नाही, आणि म्हणूनच आपल्याला कोणताच नियम लागू नाही असा समज रुजतो. प्रत्यक्षात महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकृत करावी लागते. नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावणे आणि चिठ्ठीवर छापणे बंधनकारक आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम तर एकही खाट नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची त्यासाठीची परवानगी खाटा नसलेल्यांना एकदाच घ्यावी लागते, आणि कचरा सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीतच द्यावा लागतो.

कागदपत्रांपेक्षा रोजची शिस्त अवघड असते. इंजेक्शन दिल्यावर टोपण परत बसवण्याच्या खटाटोपात बोटाला सुई टोचते, म्हणून सुई जागच्या जागी कटरने तोडून सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात टाकावी. उरलेली सिरिंज लाल पिशवीत, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, आणि फुटलेले अॅम्प्यूल (औषधाची काचेची कुपी) निळी खूण असलेल्या खोक्यात जाते. रक्ताने माखलेला कचरा 48 तासांपेक्षा अधिक काळ साठवू नये. ‘कापसाचा एक बोळा तर आहे’ म्हणून तो घरगुती कचऱ्याच्या बादलीत गेला, की हळूहळू सुईही त्याच बादलीत जाऊ लागते आणि ती शेवटी टोचते महापालिकेच्या सफाई कामगाराला.

प्रश्न: दवाखान्यात काम करताना मला वापरलेली सुई टोचली. डॉक्टर म्हणाले, स्पिरिट लाव, काही होत नाही. (एक मदतनीस, भिवंडी)

उत्तर: जखम दाबून रक्त काढू नका, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा व त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्ही टाळण्याची औषधे शक्य तो दोन तासांत, आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस ‘बी’ची लस मदतनिसाला देणे हे 2016 च्या नियमांनुसार मालकाचे कर्तव्य आहे, ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याने आधी तिच्या तीन मात्रांची नोंद दाखवावी.

प्रश्न: लसींच्या फ्रिजमध्ये डॉक्टरांचा डबा ठेवलेला दिसला. (पनवेल)

उत्तर: चालत नाही. दार सतत उघडत राहिले की 2 ते 8 अंश सेल्सिअस तापमान टिकत नाही. त्याहून वाईट म्हणजे लस गोठणे: त्रिगुणी किंवा हिपॅटायटिस ‘बी’ची लस एकदा गोठली की निकामी होते. तापमानाची दिवसातून दोनदा केलेली नोंद पाहायला मागा.

प्रश्न: इंग्लंडमध्ये लेस्टरला मुलीच्या डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेर ‘गुड’ असा शेरा लावलेला होता. आपल्याकडे असे का नाही? (ठाणे)

उत्तर: तो शेरा केअर क्वालिटी कमिशन या नियामक संस्थेचा आहे. तेथील सामान्य दवाखान्यांना 2013 पासून तिच्याकडे नोंदणी करावी लागते, आणि तपासनीस लसींच्या फ्रिजची वही, तातडीच्या औषधांची मुदत, कर्मचाऱ्यांचे लसीकरण असे बारीकसारीक पाहून चारपैकी एक शेरा देतात. तो दर्शनी भागात लावणे सक्तीचे आहे. आपल्याकडे हे काम एका संस्थेकडे नसल्यामुळे तक्रारही वाटूनच करावी लागते: एम.बी.बी.एस. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल वैद्यकीय परिषदेकडे, कचऱ्याबद्दल प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, आणि शहरात खाटा असलेल्या रुग्णालयाबद्दल महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे. तक्रारीत तारीख, वेळ आणि प्रत्यक्ष पाहिलेली गोष्ट लिहावी. ‘स्वच्छता नाही’ एवढ्याने तपासनिसाला काय पाहायचे ते कळत नाही, ‘बाटलीच्या बुचात सुई खोचलेली होती’ असे लिहिल्याने कळते.