मोटरहोमची स्लाइड तिरकी येते? मोटर बदलण्याआधी हे तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: क्लास ए मोटरहोममधली (बसच्या आकाराच्या घर-गाडीतली) बेडरूमची स्लाइड, म्हणजे भिंतीतून बाहेर सरकणारा खोलीचा भाग, आत घेताना पुढची बाजू टेकते, मागची ३-४ इंच बाहेरच राहते, कट-कट आवाज येतो, कंट्रोलरवर (स्लाइड चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यावर) लाल दिवा लुकलुकतो आणि डीलर दोन्ही मोटरी बदला म्हणतोय. तुम्ही दिलेल्या फोटोत स्लाइडच्या दोन्ही अंगांना ॲल्युमिनियमचे उभे खांब आणि बाजूच्या भिंतीवर वर-खाली दातेरी रेल दिसतात. म्हणजे ही लिपर्ट कंपनीची श्विंटेक इन-वॉल स्लाइड, जिची यंत्रणा भिंतीतच बसवलेली असते. डीलरला होकार देण्याआधी पुढचं सगळं क्रमाने तपासा. यातलं बरंचसं काम मल्टिमीटर आणि टॉर्चवर भागतं.

आधी रचना समजून घ्या, म्हणजे तिरकं का होतं ते कळेल. प्रत्येक खांबात वरच्या टोकाला एक मोटर असते. तिच्याखाली उभा शाफ्ट आणि शाफ्टवर वर-खाली दोन छोटे पिनियन (दातेरी चाकं). हे पिनियन रेलच्या दातांवर फिरतात आणि खोली सरकवतात. डावी आणि उजवी मोटर यांना जोडणारा एकही दांडा नाही. दोघींना बरोबरीने चालवतो तो फक्त कंट्रोलर, तेही मोटरमधल्या हॉल सेन्सरकडून (चुंबकाच्या मदतीने फेरे टिपणाऱ्या सेन्सरकडून) आलेले फेरे मोजून. मोजणीत फरक पडला की एक बाजू पुढे, एक मागे. त्यामुळे तिरकेपणाचं कारण मोटर निकामी होणं हेच असेल असं नाही. मोजणी बिघडली असेल, वीज कमी पडत असेल किंवा एका बाजूला काहीतरी अडलं असेल.

सुरुवात व्होल्टेजपासून करा. बॅटरीवर भार नसताना १२.६ व्होल्ट दाखवते यावर जाऊ नका. मीटरचे टोक कंट्रोलरच्या वीज येणाऱ्या टर्मिनलवर लावा आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगा. स्लाइड चालू असताना आकडा १२ च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी, टर्मिनलवरचा गंज आणि ग्राउंडची जोडणी बघा. ग्राउंडचा बोल्ट काढून खालचा धातू चकचकीत होईपर्यंत घासा, मग परत आवळा. स्लाइड चालवताना शोअर पॉवर (बाहेरून केबलने घेतलेली वीज) जोडलेली असावी किंवा इंजिन चालू असावं (तुमच्या गाडीचं इंटरलॉक, म्हणजे ठरावीक अटी पुऱ्या झाल्याशिवाय स्लाइड चालू न देणारी सोय, काय मागतं ते मॅन्युअलमध्ये बघा, बहुतेक गाड्यांत पार्किंग ब्रेक लागतोच). वीज कमी पडली की जास्त ओझ्याची बाजू आधी मंदावते आणि मोजणी तिथेच चुकायला लागते.

आता दिवे वाचा. लाल दिवा जितक्या वेळा लुकलुकतो तो बिघाडाचा क्रमांक, आणि हिरवा एकदा किंवा दोनदा लुकलुकतो तो मोटरचा क्रमांक. लाल ३ म्हणजे सुरुवातीलाच व्होल्टेज कमी. लाल ५ म्हणजे मोटर जास्त करंट ओढतेय, बहुधा त्या बाजूला अडथळा आहे. लाल ८ म्हणजे हॉल सेन्सरचा सिग्नल येत नाही. ८ आला की बहुतेक वेळा वायरचा दोष निघतो: प्लगमधली पिन मागे सरकलेली, किंवा खांबाच्या कडेला बारीक वायर घासून तुटलेली. प्लग काढून एकेक पिन टॉर्चखाली नीट बघा. मागे ढकललेली पिन वरवर बघून लक्षात येत नाही.

मोटर की कंट्रोलर हे ठरवायला कंट्रोलरवरचे दोन मोटर प्लग आपसात बदला. बिघाडाचा दिवा आता दुसऱ्या मोटरचं नाव घेत असेल तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या वायरमध्ये. त्याच क्रमांकावर राहिला तर दोष कंट्रोलरमध्ये. ही चाचणी करताना बटण क्षणभरच दाबायचं, कारण खोली उलट दिशेला जाऊ शकते. झाल्यावर प्लग जागच्या जागी. डीलरने हे करून पाहिलं का, ते जरूर विचारा. ही चाचणी न करता दोन्ही मोटरी बदला म्हणणं मला पटत नाही.

वीज आणि वायर ठीक असतील तर पुन्हा सिंक करा, म्हणजे दोन्ही मोटरींची मोजणी जुळवा. आधी स्लाइडच्या वाटेत खडा, पेन, गालिच्याची दुमडलेली कड असं काही नाही ना ते बघा. मग बाहेर जाण्याचं बटण दाबून धरा. खोली पूर्ण बाहेर गेल्यासारखी वाटली तरी बोट काढू नका, दोन्ही मोटरी आपणहून बंद पडेपर्यंत धरा. नंतर २-३ इंच आत घ्या आणि पुन्हा बाहेर, पुन्हा मोटरी थांबेपर्यंत. दोन्ही बाजू सारख्या टेकल्या की पूर्ण आत घ्या, आणि आतही तसंच धरून ठेवा. माझ्या मते तिरक्या स्लाइडचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच: लोक खोली आत आलेली दिसताच बटण सोडतात. शेवटचा टेकू मिळतो तेव्हाच कंट्रोलर मोजणी शून्यावर आणतो. अर्ध्यात थांबवणं, मागे-पुढे करणंही टाळा.

ओव्हरराइड मोड हा प्रवासात अडकल्यावरचा उपाय आहे, रोजचा नाही. कंट्रोलरवरचं मोड बटण सहा वेळा पटापट दाबायचं, सातव्यांदा दाबून सुमारे ५ सेकंद धरायचं. लाल-हिरवा दोन्ही दिवे एकत्र लुकलुकू लागले की मोड सुरू. या मोडमध्ये कंट्रोलर सेन्सरकडे बघतच नाही, दोन्ही बाजू बरोबर ठेवत नाही. एक बाजू थांबली की त्याच क्षणी बटण सोडा. तिरकी झालेली खोली जोर लावून ओढलीत तर पिनियन रेलचे दात खरवडतो आणि मग खर्च मोटरींपेक्षा मोठा होतो.

तोही चालला नाही तर हाताने. खांबावरची रबरी सील वरून सोलून घ्या, मोटरचा एक स्क्रू दिसेल. तो काढून मोटर साधारण अर्धा इंच वर उचलली की ती शाफ्टपासून सुटते. दोन्ही बाजूंना हे करा. चार-पाच जणांनी बाहेरून, खालच्या कोपऱ्यांजवळ, एकाच वेळी ढकलायचं. खिडकीवर किंवा भिंतीच्या मधोमध जोर देऊ नका. खोली आत आली की मोटरी परत खाली बसवा, कारण खोलीला आत धरून ठेवतात त्या मोटरीच. मोटर बसत नसेल तर आतून लाकडाचा टेकू दिल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

तुमच्या कट-कट आवाजाकडे मात्र वेगळं लक्ष द्या. तो बहुधा पिनियन दातावरून उडी मारण्याचा असतो. खोली अर्धी बाहेर ठेवून चारही रेल टॉर्चने बघा: ॲल्युमिनियमचा चुरा, चपटे दात, भिंतीपासून फुगलेली रेल, अर्धवट बाहेर आलेले स्क्रू. रेल लॅमिनेटच्या (थर चिकटवून केलेल्या) भिंतीला स्क्रूने धरलेली असते. त्या भिंतीत पाणी शिरलं की स्क्रूची पकड जाते, रेल थोडी हलते आणि पिनियन निसटतो. अशी रेल नुसते जाड स्क्रू मारून टिकत नाही. भोकं सुकवून, इपॉक्सी भरून, मग स्क्रू बसवावे लागतात, आणि पाणी कुठून आलं ते बंद करावं लागतं.

ग्रीस अजिबात लावू नका, त्यावर धूळ बसून दातांना घासपेपर लागतो. रेल कोरड्या फडक्याने पुसा. कुरकुर असेल तरच पीटीएफई (टेफ्लॉन) असलेला कोरडा स्प्रे, तोही हलका. रबरी सीलला पेट्रोलियमचं काही नको, रबर कंडिशनर लावा आणि सील कुठे आत दुमडली असेल तर हाताने बाहेर काढा. स्लाइड आत घेण्याआधी छपरावरची पानं, काड्या, साचलेलं पाणी काढा. आणि एकदा गाडीखाली वाकून स्लाइडच्या तळाची बाहेरची कड स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून बघा. टोक आत रुतलं तर लाकूड कुजलंय, खोलीचा तळ खाली बसतोय आणि मागच्या बाजूचं ओझं त्यामुळेच वाढलं असण्याची शक्यता आहे.

शेजारच्या गाडीवाल्याचा सल्ला ऐकताना त्याची यंत्रणा कोणती ते आधी विचारा. फ्लोअरखालच्या रॅक-पिनियन स्लाइडमध्ये एकच मोटर आणि आडवा शाफ्ट असतो, तिथे एक बाजू मागे राहिली तर शिअर पिन (जास्त जोर आला की मुद्दाम तुटणारी पिन) तुटलेली असू शकते. हायड्रॉलिकमध्ये तेलाची पातळी बघतात, सगळ्या स्लाइड आत असताना. श्विंटेकमध्ये या दोन्ही गोष्टी नाहीतच.

लाल आणि हिरव्या दिव्यांचे आकडे आणि स्लाइड चालू असतानाचं व्होल्टेज इथे लिहा, म्हणजे मोटर खरंच बदलायची का ते सांगता येईल.