टर्बो इंजिनाला जुना गिअरबॉक्स पुरेल का?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. माझ्या १९९१ च्या टोयोटा एमआर२ गाडीत मूळच्या साध्या इंजिनाऐवजी जास्त ताकदीचे टर्बो इंजिन बसवले आहे. आता जोर दिला की क्लच घसरतो आणि दुसरा गिअर खरखरतो. नुसता जड, म्हणजे जास्त पकडीचा, क्लच टाकून भागेल का?

उत्तर : कृपया तसे करू नका. घसरणारा क्लच नकळत गिअरबॉक्सला सांभाळत असतो. पकड वाढली की सगळा ताण बिगर-टर्बो गाडीच्या नाजूक एस५४ गिअरबॉक्सवर येईल. टर्बो एमआर२ मधला ई१५३ गिअरबॉक्स त्याच्या ड्राइव्हशाफ्टसह (चाकांपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यांसह) घ्यावा आणि त्याला साजेसा क्लच बसवावा.

त्याआधी मात्र खरखरीचे कारण तपासा. इंजिन मागे असल्याने पेडलपाशी असलेल्या मास्टर सिलिंडरपासून (जो पेडलचा दाब द्रवाला देतो) गिअरबॉक्सवरील स्लेव्ह सिलिंडरपर्यंत (जो त्या दाबाने क्लच सोडवतो) द्रवाची लांबच लांब नळी जाते, आणि तिच्यात हवा राहिली की पेडल पूर्ण दाबूनही क्लच नीट सुटत नाही. ब्लीड करताना, म्हणजे ही हवा बाहेर काढताना, पारदर्शक नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत घाई करू नये. गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर रिलीज बेअरिंग (क्लच सोडवताना त्यावर दाब देणारे बेअरिंग) आणि क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याचे, मागचे ऑइल सीलही त्याच वेळी बदलून घ्यावे.