पक्षच नाही, मग मत कशावर द्यायचं?

प्रश्न : ताई, नमस्कार. आम्हा दोघांना नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. न्यू जर्सीतलं हे आमचं पहिलंच मतदान. टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर वरच्या नावांबरोबर पक्ष दिलेला आहे. पण ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’साठी, म्हणजे इथल्या सरकारी शाळांचा कारभार बघणाऱ्या मंडळासाठी, सात नावं आहेत, त्यांतली तीन निवडायची आहेत, आणि पक्ष एकाचाही नाही. एक आडनाव मराठी आहे. शेजारी म्हणतात, आपला माणूस आहे, डोळे झाकून द्या. हे म्हणतात, माहिती नाही तर तेवढा भाग कोरा सोडू. मुलगी सहावीत आहे. काय करावं?

उत्तर : कोरा सोडू नका. प्रॉपर्टी टॅक्सचं बिल काढून बघा. न्यू जर्सीत त्यातला साधारण निम्मा पैसा शाळांकडे जातो. शिवाय नोव्हेंबरात निवडणूक घेणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये (म्हणजे एका बोर्डाखालच्या शाळांच्या विभागात) करवाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असली, तर शाळांचं बजेट मतदारांपुढे येतच नाही, बोर्डच ते मंजूर करतं. सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळांचा मुख्य अधिकारी, नेमायचं कामही बोर्डाचंच. म्हणजे तुमचा हात पोचतो तो या सात नावांपर्यंतच.

आता ‘आपल्या माणसा’बद्दल. काही वर्षांपूर्वी मीही अशीच ‘आपली’ उमेदवार होते. उभं राहणं तेव्हा फार सोपं होतं : अर्जावर मतदारांच्या १० सह्या. माझ्या तर मुलाच्या पोहण्याच्या क्लासबाहेर बाकावर बसल्या बसल्या जमल्या. पद बिनपगारी, मुदत ३ वर्षं. मतपत्रिकेवरचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला आणि माझं नाव तळाशी गेलं. पडले. तळाशी होते म्हणून पडले, असं मी पुष्कळ दिवस सांगत असे.

खरं असं की उमेदवारांच्या सभेत मी दिवाळीच्या सुट्टीवर दोन मिनिटं झकास बोलले, टाळ्याही मिळाल्या. मग मागच्या रांगेतल्या एका बाई उठल्या. त्यांच्या मुलाला खास शिक्षणाची गरज होती आणि त्याला डिस्ट्रिक्टबाहेरच्या शाळेत पाठवत होते. बसला जाऊन-येऊन तीन तास. ‘तुम्ही निवडून आलात तर याचं काय कराल?’ मी बजेट उघडूनही पाहिलं नव्हतं. शेजारचे उमेदवार, वयस्कर गृहस्थ, शांतपणे त्या खर्चाचा आकडा सांगून बोलू लागले. मीच माझं मत त्यांना द्यायला हवं होतं! (दिलं नाही. माणूस स्वतःलाच देतो.)

पक्ष नाही म्हणजे राजकारण नाही, असं मात्र समजू नका. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, तरी कुठलं पॅनेल कुणाचं हे पारावर सगळ्यांना ठाऊक असतं ना? इथेही उमेदवार गट करून उभे राहतात. २०१७ मध्ये न्यू जर्सीतल्याच एडिसन गावी शाळा-बोर्डाच्या निवडणुकीत चिनी आणि भारतीय वंशाच्या दोन उमेदवारांना ‘डिपोर्ट करा’ म्हणणारी निनावी पत्रकं घरोघर आली होती. तेव्हा आडनावावरून मत देणं आपल्यालाही शोभत नाही.

बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं, बऱ्याच ठिकाणी व्हिडिओही, डिस्ट्रिक्टच्या साइटवर असतात. बोर्डावर असलेलं कुणी पुन्हा उभं असेल, तर बजेटच्या रात्री त्यांनी काय विचारलं आणि मत कुठे दिलं ते बघा. नव्यांना तुमच्या मुलीच्या शाळेबद्दल एकच नेमका प्रश्न ईमेलने पाठवा. उत्तर कोण देतं आणि गोलगोल कोण बोलतं, ते दोन दिवसांत कळेल.

आणि तीनच्या तीन मतं वापरलीच पाहिजेत असं नाही. एकच नाव मनापासून पटलं, तर एकालाच द्या. उरलेली दोन उगाच वाटलीत, तर ती तुमच्या माणसाच्या प्रतिस्पर्ध्यांच्याच खात्यात जातात.

हो, मतपत्रिका टपालाने परत पाठवताना आतल्या पाकिटाला जोडलेल्या कागदावर सही करा आणि तो फाडू नका. पहिल्या वर्षी आमच्या ह्यांनी नीटनेटकेपणाच्या नादात तो कात्रीने कापून काढला होता.