घडी मोडल्यानंतरची चित्रं

तुम्ही विचारलंय: "मी फॅशन इलस्ट्रेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी शाश्वत फॅशन हा विषय घेतलाय. नुसती चित्रं काढून लोकांना कपड्यांमुळे होणाऱ्या नुकसानाची जाणीव करून देता येते का? येत असेल तर काढू काय?"

येते. मात्र पहिल्या झटक्यात जे चित्र सुचतं त्यानं येत नाही. मी त्यात तोंडघशी पडलेय, म्हणून सांगते.

बरीच वर्षं झाली. पाच जूनच्या पर्यावरण दिनासाठी मी एक मोठं चित्र केलं होतं. नऊ डोकी उंचीची बाई, अंगात पृथ्वीसारखा गोल घेराचा हिरवा-निळा गाऊन, खांद्यावरून उतरणाऱ्या वेली, केसांत सुगरणीचं घरटं. खाली एक कळकळीचं वाक्य. दोन आठवडे खपून गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात, रंगवलं. फेसबुकवर टाकल्यावर कौतुक भरपूर झालं, आणि कौतुक करणाऱ्यांपैकी सहा-सात जणींनी अगदी मनापासून विचारलं, "गाऊन कुठे मिळेल? किंमत?"

आधी राग आला. मग कळलं की त्यांचं काहीच चुकलेलं नाही. आपला धंदाच मुळी हाव जागी करण्याचा आहे. तुम्हालाही पहिल्याच सत्रात शिकवलं असेल: खरा माणूस साडेसात-आठ डोकी उंच, आपण काढायचा नऊ डोक्यांचा; वाढवलेली उंची सगळी पायांत घालायची; कापड असं सोडायचं की त्याला वजनच नाही. नवी साडी पहिल्यांदा नेसण्याला आपण घडी मोडणं म्हणतो. आपली सगळी विद्या त्या एका दिवसाची. घडी मोडल्यावर त्या कपड्याचं पुढे काय होतं ते आपण काढतच नाही. हाव जागी करायची ही कला अंगात आहेच, तर ती जुन्या कपड्यासाठी वापरा. माझ्या उत्तराचा गाभा एवढाच. बाकी सगळा तपशील.

तुमच्या प्रकल्पात एक दाखला नक्की येईल, कारण तो सगळेच देतात: व्होग इटालिया या फॅशन मासिकाचा जानेवारी 2020 चा अंक. त्यात फोटोशूट न करता कपडे चित्रांतून दाखवले होते. मिलो मानारा, योशिताका अमानो, व्हनेसा बीक्रॉफ्ट, कॅसी नामोडा यांच्यासारख्या कलाकारांनी मुखपृष्ठं केली. संपादक होते एमानुएले फार्नेती. त्यांनी आधीच्या सप्टेंबर अंकाचा हिशेबच वाचकांपुढे मांडला: आठ फोटोकथांसाठी दीडशे माणसं, वीसेक विमानप्रवास, डझनभर रेल्वेप्रवास, तयारीत उभ्या 40 गाड्या, परदेशातून आलेली-गेलेली 60 पार्सलं, दहा-दहा तास न विझणारे दिवे. वाचलेले पैसे नोव्हेंबर 2019 च्या पुरात नुकसान झालेल्या व्हेनिसच्या क्वेरिनी स्टाम्पालिया संस्थेला दिले.

मला त्यातला हिशेब आवडतो, चित्रं तेवढी नाही. म्हणजे चित्रं सुंदरच आहेत. मानाराची रेष काय असते हे मी नव्यानं काय सांगणार. पण अंगावरचे कपडे नवेच होते आणि विकायचेच होते. बदललं ते दाखवायचं साधन. एका अंकापुरतं. अमेरिकन व्होगच्या मुखपृष्ठावर रंगीत फोटो पहिल्यांदा आला तो जुलै 1932 मध्ये, छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनचा. त्याआधी मुखपृष्ठ हे चित्रकाराचंच काम होतं, आणि तेव्हाही ते नवा माल खपवण्याचंच काम होतं. म्हणून प्रकल्पात "चित्र हे फोटोपेक्षा पर्यावरणपूरक माध्यम" एवढ्यावर थांबू नका. परीक्षकांना ते आवडेल, पण मुद्दा तिथे नाही.

त्यापेक्षा दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटन बघा. 1 जून 1941 पासून तिथे कपड्यांवर रेशनिंग आलं. पहिल्या वर्षी प्रौढ माणसाला 66 कूपनं, त्यातच कोट, बूट, मोजे सगळं. मग सरकारच्या व्यापार खात्यानं आहे ते भागवा, फाटलं ते सांधा अशी मोहीम काढली आणि त्यासाठी चित्रांची पत्रकं छापली. त्यात मिसेस सो-अँड-सो (इंग्रजीत "सो" म्हणजे शिवणं) नावाची एक बाहुलीसारखी बाई होती. ती रडत नाही, कोणाला लाज वाटायला लावत नाही. कोपराला ठिगळ कसं लावायचं, विरलेली चादर मधून कापून कडा आत कशा घ्यायच्या, असल्या गोष्टी सांगणारी ती पत्रकं होती. कामाची, हसरी, थोडी आगाऊ चित्रं. अर्थात ती चालली याचं मोठं कारण कूपनं. नवं मिळतच नव्हतं. नुसत्या चित्राच्या जोरावर लोक सुई हातात घेतील असं मी म्हणणार नाही. पण ज्यांना घ्यायची आहे त्यांना टाका कुठून सुरू करायचा हे चित्राइतकं चांगलं दुसरं काही दाखवत नाही. इथे चित्र फोटोला सहज हरवतं: आतली बाजू, बाहेरची बाजू आणि मधला दोरा एकाच वेळी दाखवता येतात.

आता माझं. मी इचलकरंजीची. 1904 साली विठ्ठलराव दातारांनी तिथे पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे अख्खं गाव खटखटायला लागलं. आमच्या घरामागे सायझिंगचा कारखाना होता. सायझिंग म्हणजे उभ्या धाग्यांना खळ देणं, मागावर तुटू नयेत म्हणून. कापड विणून झालं की तीच खळ प्रोसेसमध्ये धुऊन काढतात, मग ब्लीचिंग, मग रंग. ते धुतलेलं पाणी कुठे जातं हे आम्हा पोरांना शिकवावं लागलं नाही. गावात काळा ओढा आहे, तो पंचगंगेला मिळतो. नावातच सगळं आलं. चित्रकलेच्या शाळेत येईपर्यंत मला वाटायचं, ओढा म्हटलं की तो काळाच.

एवढं असूनही मी गाऊन काढला, घरटं काढलं. जवळचं दिसायला मला लॉकडाऊन लागला. गावी अडकले होते, रंग संपले होते, आईनं माळ्यावरून वाकळी उन्हात टाकल्या होत्या (तुमच्याकडे गोधडी म्हणत असतील). एका वाकळीत मला माझं लहानपणीचं परकर-पोलकं सापडलं. ते त्याआधी आजीचं लुगडं होतं.

मग मी त्या एका लुगड्याची मालिकाच केली. पहिलं चित्र घडी मोडण्याचं. दुसऱ्यात आजीनं ते रोजच्या वापरात काढलंय. तिसऱ्यात दंड घातलेलं लुगडं: मधला विरलेला भाग काढून टाकायचा आणि दोन्हीकडची धड टोकं आडवी जोडायची. बऱ्याच तरुण वाचकांना हा शब्दही माहीत नसेल. चौथ्यात जुनेर, म्हणजे वापरून जीर्ण झालेलं लुगडं. पाचव्यात त्यातला धडपा, म्हणजे धड राहिलेला तुकडा, कापून शिवलेलं माझं परकर-पोलकं. सहाव्यात वाकळ. आणि शेवटी, वाकळ फाटल्यावर, मागाचं तेल पुसायचं फडकं. सगळी चित्रं त्याच नऊ डोक्यांच्या ऐटीत, त्याच रॅम्पवरच्या चालीत. दंडाचं लुगडं नेसलेली आजी कमरेवर हात ठेवून अशी उभी की पॅरिसनं बघावं. फडक्याच्या चित्रात कामगाराच्या खांद्यावर ते स्टोलसारखं टाकलं.

ही चित्रं काढताना मी नव्यानं काही शिकले असेन तर ते हे, की जुनं कापड काढायला नव्यापेक्षा अवघड. खळ असलेल्या नव्या कापडाच्या चुण्या टोकदार, कोनात मोडलेल्या असतात. शंभर धुण्यांनंतर त्याच चुण्या गोल होतात, कापड अंगाच्या आकारानं पडतं. कोपरापाशी वीण विरळ होते आणि खालची त्वचा जाणवते, तिथे रंग पातळ घ्यावा लागतो. बटण एकदा पडून परत लावलेलं असेल तर दोरा हमखास वेगळ्या रंगाचा. काखेतला डाग, काठाला पायाच्या अंगठ्यानं पडलेलं भोक, दोन वेळा उसवून सैल केलेल्या शिवणीच्या जुन्या भोकांची रांग. हे सगळं निगुतीनं काढलं की बघणारा थबकतो, कारण त्याच्याही कपाटात असला कपडा असतो. प्रदर्शनात एक काकू दंडाच्या चित्रापाशी खूप वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, "टाका चुकलाय. दंड असा नाही घालत." आणि पर्समधून सेफ्टी पिन काढून स्वतःच्याच पदरावर दाखवायला लागल्या. चित्र मी नंतर दुरुस्त केलं.

आकड्यांबद्दल एक कळकळीची सूचना. पोस्टरवर आकडा टाकायचा मोह होतो. "एका टी-शर्टला 2700 लिटर पाणी" हा आकडा तुम्ही शंभर ठिकाणी पाहिला असेल, बाजूला निळ्या बादल्या. हा जागतिक सरासरीचा आकडा आहे आणि त्यात कापसाच्या झाडानं पिलेला पाऊसही धरलेला आहे. विदर्भातला बहुतेक कापूस कोरडवाहू. तिथल्या शेतकऱ्यापुढे प्रश्न पाऊस न येण्याचा असतो. उलट मध्य आशियात अमूदर्या आणि सिरदर्या या नद्यांचं पाणी 1960 नंतर कापसाकडे वळवलं आणि अरल समुद्र आटला. अरलच्या काठावरच्या मोयनाकच्या बंदरात जहाजं वाळूत रुतून बसली. बादल्या त्याच, गोष्टी दोन. बादल्यांपेक्षा जहाजं काढा, किंवा ढगाकडे बघणारा माणूस काढा. "फॅशन हा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा प्रदूषक उद्योग" हे वाक्य तर वापरूच नका. त्याच्या मागे ठोस आधार नाही हे पत्रकारांनी शोधून दाखवलंय. एखादा आकडा हवाच असेल तर पुनर्वापरावर काम करणाऱ्या एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालातला घ्या: कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल परत नव्या कपड्यात येतो. पुनर्वापराची हिरवी चक्रं काढणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा.

असलं वरवरचं हिरवं काम माझ्याकडेही आलं होतं. एका कपडे कंपनीला "निसर्गाच्या जवळचा" संग्रह रंगवून हवा होता. कापड पॉलिस्टर, म्हणजे प्लास्टिकच, आणि मी त्यावर पानं-फुलं काढायची. मी विचारलं, पानं कशासाठी? उत्तर आलं, "फील येतो." पैसे चांगले होते. मी नाही म्हटलं असं सांगायला आवडलं असतं, पण त्या वर्षी घराचा हप्ता होता. पानं काढली. पुढच्या वर्षी त्यांनी परत बोलावलं तेव्हा मात्र गेले नाही. तुमच्यावरही ही वेळ येईल, तेव्हा निदान कापड कशाचं आहे एवढं विचारून घ्या.

साहित्याचं फार मनाला लावून घेऊ नका. हळदीच्या रंगात चित्र काढलं म्हणून ते शाश्वत होत नाही. हळद उन्हात उडते आणि सहा महिन्यांत तुमच्या शाश्वत चित्राचा कोरा कागद होतो.

मग तुम्ही काय काढावं? विषयाला जगभर शोधू नका. घानातल्या कांतामांतो बाजारातले जुन्या कपड्यांचे गठ्ठे, चिलीच्या अटाकामा वाळवंटातले ढीग हे सगळं खरं आहे, पण तुम्ही ते फोटोवरून काढणार आणि बघणारा "अरेरे" म्हणून पुढे जाणार. त्याऐवजी घरातला एक कपडा निवडा आणि तो कसा कसा जगला ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून काढा. किंवा शिंप्याकडे बसा. बेतलेल्या कापडातलं साधारण 15 टक्के कात्रणात जातं असं धरतात. एक ड्रेस काढा आणि त्याच कागदावर, त्याच मापात, त्याचं कात्रणही काढा. शेजारी नऊवारी काढलीत तर कात्रणाची जागा रिकामी ठेवावी लागेल. बोहारणीला काढा, भांड्याच्या बदल्यात ती साडीची कुठली बाजू आधी उलगडून बघते ते नीट पाहून. तिच्याइतकी कापडाची पारख आपल्या कॉलेजात कोणाला नसते.

मी सध्या शर्टांच्या कॉलरी काढतेय. आमच्या इमारतीच्या जिन्याखाली एक शिंपीकाका बसतात. घडीवर झिजलेली कॉलर ते उसवतात, उलटी करतात आणि परत बसवतात. झिजलेली बाजू खाली जाते, शर्ट आणखी दोन-तीन वर्षं चालतो. त्यांना बसून पाहिलं आणि सात पायऱ्यांत ते सगळं काढलं, शेवटच्या चौकटीत कॉलर ताठ करून उभा असलेला अतिशय देखणा माणूस. त्याची एक प्रत काकांना दिली. त्यांनी ती मशीनच्या वर, लक्ष्मीच्या कॅलेंडरशेजारी चिकटवली. फॉल-पिकोला आलेल्या बायका वर बघून विचारतात, "हे करता तुम्ही?" परवा मी गेले तेव्हा काका जरा वैतागलेलेच होते. "ताई, चौथ्या चित्रात कात्री उजव्या हातात दाखवलीय तुम्ही. मी डावखुरा आहे."