बंगालची ‘खाडी’ की बंगालचा उपसागर?

सोलापूरच्या एका वाचकाने विचारलं आहे: परतीच्या पावसाच्या बातमीत ‘बंगालच्या खाडीत कमी दाबाचा पट्टा’ असं छापून येतं, ते बरोबर आहे का? आणि होडी, मचवा, गलबत हे सगळं एकच का?

‘बंगालची खाडी’ मराठीत चूक. तो बंगालचा उपसागर. हिंदीत उपसागरालाही खाडी म्हणतात नि आखातालाही. बातमी तिकडून घाईने उतरवली की शब्द तसाच येतो. मराठीने मात्र तिन्ही वेगळे ठेवलेत आणि ते जपायला हवेत. उपसागराचं तोंड रुंद, विस्तार मोठा. आखात जमिनीत लांबवर घुसलेलं: खंबायतचं, इराणचं, म्हणून ‘आखाती देश’. शब्दाच्या मुळाशी संस्कृत ‘खन्’, म्हणजे खणणे, हा धातू आहे. खाडी या दोन्हींहून कितीतरी लहान. नदीच्या मुखातून भरतीचं पाणी आत जिथवर चढतं, तो खारा पट्टा म्हणजे खाडी. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची. ओहोटी लागली की काठचा काळा चिखल उघडा पडतो, तिवरांची मुळं वर दिसतात. बंगालचा उपसागर असा उघडा पडेल का? शंका आली की एवढंच स्वतःला विचारावं.

बेटाच्या कडेला खाडीचं रूप जरा बदलतं. साष्टी बेटाच्या उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, आणि मुंबई नि साष्टी यांच्यामध्ये माहीमची. इथली खाडी दोन जमिनी तोडते, म्हणून ओलांडायला ‘तर’ लागते. ही तर स्त्रीलिंगी: ‘तर आली’, ‘तरीने पलीकडे गेलो’. आता तिची जागा लाँच आणि फेरीबोटीने घेतली आहे.

आता होड्या. चंद्रभागेत चालते ती होडी, आणि समुद्रावरही लहान, वल्ह्याची ती होडीच. तिथे काही होड्यांना एका बाजूला आडव्या दांड्यांवर लाकडाचा ओंडका बांधलेला असतो. तो लाटेत होडी कलंडू देत नाही; त्याला म्हणतात उलांडी. मचवा होडीहून मोठा, शिडाचा. मासेमारीला आणि माणसं न्यायला. पडाव मालाचा: मोठं जहाज उथळ खाडीत शिरू शकत नाही, ते बाहेर नांगरतं आणि माल पडावातून काठाला येतो. गलबत बंदरोबंदरी फिरणारं, खुल्या समुद्रात जाणारं. थोडक्यात, बूड किती पाण्यात बसतं त्यावर कोण कुठवर शिरणार ते ठरतं.

आणि कधी शिरणार, ते भरती ठरवते. पाणी साधारण सहा तास चढतं, सहा तास उतरतं. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध साचतो, म्हणून चढत्या पाण्यावर आत यायचं: बूड टेकलंच तर वाढतं पाणी उचलून घेतं. उतरत्या पाण्यावर टेकलं तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या, ऐन भरतीत वाळूवर चढलेली होडी तर पंधरवडाभर अडकू शकते, कारण पुढे रोज पाणी थोडं कमी चढतं. अष्टमीच्या सुमाराला सर्वांत कमी, तो ‘भांग’. उरणच्या मोरा बंदरात ओहोटीला गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही, ती अडचण याच जातीची.

भरतीची वेळ काढायला कोकणात तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थीला तीन वाजता. एकादशी आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगावी लागत नाही: अकरा पाऊण सव्वाआठ. पंढरपुरात एकादशीची गर्दी असते त्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्याला सव्वाआठच्या सुमाराला पूर्ण भरती, सकाळी आणि रात्रीही. वेळ अंदाजाची असते, थोडं मागेपुढे होतं.

जाता जाता आणखी एक. ‘नावाडी’ हा नदीवरचा शब्द. समुद्रावर होडीचा मालक तो नाखवा, ती चालवणारा प्रमुख तो तांडेल, आणि हाताखालचे ते खलाशी.