डिलिव्हरीनंतर कंडोमचा फुगा लावला, हे बरोबर केलं का?

प्रश्न : डॉक्टर, मागच्या महिन्यात माझ्या जावेची नॉर्मल डिलिव्हरी झाली, बाळ छान आहे, पण नंतर ब्लीडिंग थांबेचना. तिथल्या मॅडमनी नळीला कंडोम बांधून आत घातला आणि सलाईनने फुगवला, दुसऱ्या दिवशी काढला. जाऊ आता बरी आहे, पण सासूबाई म्हणतात दवाखान्यात धड साधनं नव्हती म्हणून जुगाड केला. खरंय का? आणि पुढे दिवस राहायला अडचण येईल का?

उत्तर : जुगाड म्हणा हवं तर, पण ढाक्याच्या डॉ. सायेबा अख्तर यांनी काढलेली ही पद्धत आहे, 2003 मध्ये त्यांचा पेपर आला आणि आता कित्येक देशांत वापरतात, कारण याच कामासाठी तयार मिळणारा फुगा, बाक्री बलून, महाग पडतो. काम दोन्हीचं तेच.

वार पडली की गर्भाशय आवळून कडक व्हायला लागतं, त्या आवळण्यानेच वारेच्या जागच्या रक्तवाहिन्या बंद होतात. ते ढिलंच राहिलं तर मिनिटामिनिटाला एवढं रक्त जातं की बाई बघता बघता पांढरी पडते. अशावेळी आधी पोटावरून गर्भाशय चोळायचं, गर्भाशय आवळणारं ऑक्सिटोसिन द्यायचं, रक्तस्राव कमी करणारं ट्रॅनेक्झॅमिकचं इंजेक्शन डिलिव्हरीपासून 3 तासांच्या आत द्यायचं, वारेचा तुकडा राहिलाय का, कुठे फाटलंय का ते बघायचं. एवढं करूनही थांबत नसेल तर फुगा. लघवीची साधी नळी, तिच्यावर कंडोम दोऱ्याने घट्ट बांधलेला, आणि साधारण 250 ते 500 मिली सलाईन. तो आतून दाब देतो.

पण फुगा लावला म्हणजे सुटलो असं नाही हं. 10-15 मिनिटांत ब्लीडिंग आटोक्यात आलं नाही तर ऑपरेशनच, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितलंय की जिथे ऑपरेशन आणि रक्ताची लगेच सोय आहे तिथेच फुगा वापरा. नातेवाईकांना रक्ताच्या पिशवीसाठी पळवलं की ते चिडतात, पण ती धावपळ याचसाठी असते.

पुढे दिवस राहायला फुग्यामुळे सहसा काही अडचण येत नाही. हिमोग्लोबिन मात्र आत्ताच तपासा, लोहाच्या गोळ्या मधेच सोडू देऊ नका. दूध आलंच नाही, पाळीही परत सुरू झाली नाही आणि सतत गळून गेल्यासारखं वाटतंय असं असेल तर डॉक्टरांना दाखवा, जास्त रक्त गेल्यावर क्वचित मेंदूखालच्या, दूध-पाळीची हार्मोन्स सांभाळणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला धक्का बसतो. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा, पुढच्या खेपेला पहिल्याच तपासणीत ते दाखवायचं आणि नाव रक्तपेढी जवळ असलेल्या हॉस्पिटलातच घालायचं, कारण एकदा असं झालेलीला परत व्हायची शक्यता जास्त असते.